बोलायचा हक्क कधी? तत्त्वज्ञानाच्या एमएला या विषयावर डेझर्टेशन करणाऱ्यांसाठी

दुसऱ्या सेमिस्टरला सेमिनारमध्ये मी ठोकून दिलं की तत्त्वज्ञ जेनिफर लॅकीच्या उदाहरणातल्या शिक्षिकेला उत्क्रांती पटत नसली तरी आतून ती माहीत असते, म्हणून ती वर्गात शिकवू शकते. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "कशावरून?" पेपर मी वाचलाच नव्हता, सीनियरच्या नोट्स चाळल्या होत्या. लॅकीचं म्हणणं (२००७ चा पेपर) नेमकं उलटं आहे, त्या शिक्षिकेला ते पटत नाही म्हणजे माहीतही नाही, तरी तिचं सांगणं योग्यच, मग बोलायला ज्ञान लागतंच असं कुठंय? म्हणजे कुठली गोष्ट ठामपणे सांगायचा हक्क कधी मिळतो या विषयावर बोलताना मी हक्क नसताना बोलले होते. कान लाल.

तर नवीन येणाऱ्यांनो, आधी मूळ पेपर. तत्त्वज्ञ टिमथी विल्यमसनचं २००० चं 'नॉलेज अँड इट्स लिमिट्स' हे पुस्तक पहिल्या पानापासून धरू नका, दमून जाल, थेट अकरावं प्रकरण उघडा. तो म्हणतो माहीत असेल तरच ठामपणे म्हणा, नुसतं खरं निघणं पुरत नाही. त्याचं लॉटरीचं उदाहरण घरी करून बघा: दहा लाख तिकिटं, बक्षीस एकच, सोडत झालीये पण निकाल तुम्ही बघितला नाहीये, आणि भावाला सांगायचं "तुझं तिकीट नाही लागलं". दहा लाखात ९,९९,९९९ वेळा तुम्ही बरोबर, तरी तो उखडणार, "तुला काय माहीत?" आणि त्याचं उखडणं मला तरी रास्त वाटतं.

इथे मी बरेच दिवस अडकले, कारण मराठीत आपण दोन वेगळे प्रश्न विचारतो. "कशावरून?" म्हणजे पुरावा दाखव, आणि "तुला काय माहीत?" म्हणजे तू बोलतोसच कसा. म्हणून सगळी उदाहरणं मराठीत करून बघा, उगाच बुजू नका.

माझा धागा तिथेच सापडला. तत्त्वज्ञ जी. ई. मूर म्हणाला होता की "मी मंगळवारी सिनेमाला गेलो होतो पण मला तसं वाटत नाही" हे वाक्य विचित्र लागतं. "बाहेर पाऊस पडतोय पण मला माहीत नाही" हेही तसंच. आता "बाहेर पाऊस पडतोय म्हणे, मला माहीत नाही". काहीच खटकत नाही! एका "म्हणे"ने जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात गेली. अजून एक टीप, तर्कसंग्रह (न्यायशास्त्राची छोटी पोथी) हाताशी ठेवा, त्यात अन्नंभट्ट आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं तो, म्हणजे यथार्थवक्ता, जसं आहे तसं सांगणारा, असं म्हणतो. (मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड बघता अन्नंभट्टाने कपाळाला हात लावला असता.)

डेझर्टेशनचं पहिलं प्रकरण मॅडमनी परत दिलं तेव्हा समासात सात ठिकाणी पेन्सिलीने एकच शब्द होता, "म्हणे?" त्यातली पाच वाक्यं मी काढली, दोनसाठी लायब्ररीत जाऊन बसले.