आवडत्या छायाचित्रावरून लेख कसा लिहावा

आवडत्या छायाचित्रावर लिहायला बसलेल्या माणसाची पहिली अडचण अशी असते की, जे छायाचित्र त्याला सर्वांत देखणे वाटते, त्याविषयी त्याच्याजवळ सांगण्यासारखे बहुधा सर्वांत कमी असते. प्रकाश, रंग आणि मांडणी यांमुळे आवडलेले चित्र आपले काम स्वतःच पुरे करते. लिहिणाऱ्यासाठी ते काही शिल्लक ठेवत नाही. म्हणून लेखासाठी छायाचित्र निवडताना सौंदर्याचा निकष बाजूला ठेवावा आणि ज्या चित्रापाशी आपण कारण नसताना पुन्हा पुन्हा थांबतो, ज्यात काहीतरी खटकते किंवा ज्यातली एखादी गोष्ट अजून उलगडलेली नाही, ते चित्र घ्यावे. समारंभातील छायाचित्रे मी तरी शक्यतो टाळतो. त्यांत प्रत्येक जण जसे उभे राहायला सांगितले तसा उभा असतो आणि जसे हसायला सांगितले तसा हसत असतो, त्यामुळे त्यांतून माणसांपेक्षा समारंभच अधिक दिसतो. त्याच दिवशी, सगळे पांगल्यावर, कुणीतरी सहज काढलेले आणि किंचित हललेले छायाचित्र लेखाला अधिक उपयोगी पडते.

रोजच्या आयुष्यातील वस्तू हा छायाचित्राचा विषय होऊ शकतो, हे या कलेच्या अगदी सुरुवातीपासून लोकांना ठाऊक होते. कॅमेऱ्याने टिपलेले आणि आजवर टिकून राहिलेले सर्वांत जुने छायाचित्र फ्रेंच संशोधक निसेफोर निएप्स यांनी 1826–27 च्या सुमारास घेतले. ते कुठल्या राजवाड्याचे नाही, तर त्यांच्याच घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचे आहे. छायाचित्रणाचे एक इंग्रज प्रवर्तक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी 1844 ते 1846 या काळात भागाभागाने प्रसिद्ध केलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या ग्रंथात 24 छायाचित्रे होती आणि प्रत्येकासोबत त्यांनी मजकूर लिहिला होता. त्यांपैकी एका चित्रात मुख्यतः दिसते ते उघडे दार आणि दाराशी टेकवून ठेवलेला झाडू. सामान्य माणसाला जिथे विशेष काही दिसत नाही तिथे चित्रकाराची नजर खिळते, अशा आशयाचे टिपण त्यांनी त्याबरोबर जोडले आहे. छायाचित्र आणि त्याच्या शेजारी चिंतन हा प्रकार इतका जुना आहे, तेव्हा आपल्या घरातील साध्या चित्रावर लिहिताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

चित्र ठरल्यावर लगेच लिहू नये. आधी ते पाहावे, आणि पाहणे म्हणजे नजर टाकणे नव्हे. छापील प्रत असेल तर भिंग घ्यावे, मोबाइलवर असेल तर चित्र मोठे करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश सरकवावे. चेहऱ्यांपासून सुरुवात करू नये, कारण चेहरा दिसला की आठवणी धावून येतात आणि मग डोळे काम करेनासे होतात. त्याऐवजी कडेपासून सुरुवात करावी: चौकटीने कुणाचा खांदा कापला आहे का, मागच्या भिंतीवर काय टांगले आहे, सावल्या कोणत्या दिशेला पडल्या आहेत, कुणाच्या पायात चपला नाहीत, कोण कॅमेऱ्याकडे न पाहता दुसरीकडेच पाहत आहे. टॅलबट यांनी त्याच ग्रंथात नोंदवले आहे की, छायाचित्र घेणाऱ्याला पुष्कळदा नंतर चित्र तपासताना असे आढळते की, घेताना त्याच्या ध्यानीमनीही नसलेल्या अनेक गोष्टी त्यात उमटल्या आहेत. इमारतीवरचे कोरीव अक्षर असेल किंवा दूरच्या घड्याळाने दाखवलेली वेळ असेल. कॅमेरा निवड करत नाही, जे समोर असेल ते सगळे घेतो. आपल्या लेखाचा कच्चा माल नेमका या न निवडलेल्या भागात असतो.

पाहताना एक सावधगिरी हवी. जुन्या रंगीत प्रतींवर जी तांबूस किंवा पिवळसर छटा दिसते ती त्या दिवसाच्या उजेडाची नसते. कागदातील रंगद्रव्ये वर्षानुवर्षांत सारख्या वेगाने फिकी होत नाहीत, म्हणून ती आलेली असते. ‘ती सोनेरी संध्याकाळ’ असे लिहिण्यापूर्वी सावली पाहावी. ती आखूड असेल तर ती दुपार होती.

आता कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात जे चित्रात प्रत्यक्ष दिसते ते, दुसऱ्यात जे स्वतःला आठवते ते आणि तिसऱ्यात जे इतरांकडून ऐकले किंवा आपण अंदाजाने धरले ते लिहावे. या सगळ्या पद्धतीत ही एकच पायरी अशी आहे की जी गाळली तर बाकीच्या पायऱ्या फारशा उपयोगाच्या राहत नाहीत.

उदाहरणार्थ, समजा, चित्रात वडील अंगणात उभे आहेत आणि त्यांच्या डाव्या हातात मिटलेली छत्री आहे. ऊन एवढे लख्ख आहे की सगळ्यांचे डोळे बारीक झाले आहेत. इतके पहिल्या रकान्यात जाईल. वडील घराबाहेर पडताना ऋतू कोणताही असो, छत्री घेत, हे स्वतःच्या आठवणीतले असेल तर ते दुसऱ्या रकान्यात. ती छत्री त्यांची नव्हतीच, शेजाऱ्यांची होती आणि परत द्यायला ते निघाले असतानाच त्यांना थांबवून हा फोटो काढला, असे आई सांगत असेल तर ते तिसऱ्या रकान्यात. आता दुसरा आणि तिसरा रकाना एकमेकांशी भांडतात. नवखा लेखक यांपैकी एक बाजू गुपचूप खोडून टाकतो. परंतु लेख खरे तर याच भांडणातून उभा राहतो, कारण वडिलांना ‘नेहमी सावध असणारा माणूस’ ठरवण्यात आपल्याच मनाचा किती वाटा होता, हा प्रश्न तिथे आपोआप समोर येतो. दोन्ही गोष्टी लिहाव्यात आणि कोणती कुठून आली तेही लिहावे.

आठवणीवर इतका अविश्वास दाखवणे अनेकांना रुचत नाही, पण त्याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ किंबर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 20 प्रौढ व्यक्तींना त्यांच्या बालपणीची काही खरी छायाचित्रे आणि त्यांच्यात मिसळलेले एक बनावट छायाचित्र दाखवले गेले. बनावट चित्रात ती व्यक्ती लहानपणी उष्ण हवेच्या फुग्यात बसलेली दिसत होती. असा प्रवास त्यांच्यापैकी कुणीही केलेला नव्हता. तरीही मुलाखतींच्या अखेरीस निम्म्या लोकांना तो थोडाफार किंवा तपशीलवार ‘आठवू’ लागला होता. आपली चित्रे बनावट नसतात हे खरे. पण वर्षानुवर्षे एकच चित्र पाहून, त्याविषयीच्या गप्पा ऐकून आपण प्रसंग आठवतो आहोत की चित्र आठवतो आहोत, हे सांगणे अवघड होऊन बसते. एक साधी चाचणी करून पाहावी. आठवणीत आपण स्वतःला बाहेरून, म्हणजे कॅमेऱ्याच्या जागेवरून पाहत असू, तर त्या आठवणीत छायाचित्राचा हात असण्याची शक्यता धरून चालावे.

तीन रकाने भरल्यावर चौकटीच्या बाहेर जावे. छायाचित्र कुणी काढले, हा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत. वास्तविक चित्रातील प्रत्येक नजर ज्याच्याकडे लागली आहे तो माणूस चित्रात नसतो. घरातील शेकडो छायाचित्रांत एखादी व्यक्ती जवळजवळ कुठेच दिसत नसेल, तर बहुधा कॅमेरा तिच्याच हातात होता, आणि तिच्या न दिसण्यावर एक स्वतंत्र लेख होऊ शकतो. त्यानंतर त्या क्षणाच्या आधी काय चालले होते आणि नंतर काय झाले, हे आठवेल तेवढे लिहावे. चित्र किती गोष्टी गाळू शकते याचा नमुना म्हणून छायाचित्रणाचे फ्रेंच प्रवर्तक लुई दागेर यांनी 1838 मध्ये घेतलेले पॅरिसमधील एका हमरस्त्याचे छायाचित्र पाहण्यासारखे आहे. रस्ता वर्दळीचा होता, पण त्या काळच्या पद्धतीत कॅमेऱ्याचे भिंग कित्येक मिनिटे उघडे ठेवावे लागत असल्यामुळे चालती माणसे आणि धावत्या गाड्या उमटल्याच नाहीत. उमटला तो बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस. आपल्या अल्बममध्येही जे स्थिर उभे राहिले तेच आले आहेत. जे कामात होते ते आलेले नाहीत.

दैनंदिन जीवनाशी सांधा जुळवण्याच्या बाबतीत घाई करू नये. जुन्या चित्रातून आजच्या दिवसाकडे येणारा दुवा शक्यतो वस्तूचा किंवा सवयीचा असावा, विचाराचा नसावा. छत्रीचेच उदाहरण घ्यायचे तर, स्वतः घराबाहेर पडताना आपण दाराशी कशासाठी थांबतो, किल्ली चाचपतो की खिडक्या आठवतो, हे पाहावे. ‘तेव्हाची माणसे किती साधी होती’ असल्या विधानापेक्षा ते निरीक्षण वाचकाला अधिक काही देते. गेलेले दिवस चांगले होते आणि आताचे तसे राहिले नाहीत, हा निष्कर्ष या प्रकारच्या लेखनात इतका आधीच ठरलेला असतो की तो लिहिण्यासाठी छायाचित्र पाहण्याचीही गरज पडत नाही.

लेखनासाठी रोजच्या जीवनाची नवी छायाचित्रे काढायची असतील तर संख्या कमी ठेवावी आणि जवळ जावे. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, संग्रहालयातील ज्या वस्तूंची लोकांनी छायाचित्रे घेतली त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या; मात्र वस्तूचा एखादाच भाग मोठा करून टिपला तेव्हा ही घट दिसली नाही. म्हणून उन्हात वाळणाऱ्या कपड्यांची संपूर्ण दोरी टिपण्याऐवजी एकच ठिगळ लावलेली बाही टिपावी आणि त्याच दिवशी दोन ओळी लिहून ठेवाव्यात: आवाज कोणता येत होता, वास कसला होता, हवा कशी होती. छायाचित्र या तीन गोष्टी कधीच देत नाही आणि काही महिन्यांनी त्या आपल्यालाही आठवत नाहीत.

प्रत्यक्ष मसुदा लिहिताना पहिले वाक्य भावनेचे नसावे. ‘या फोटोकडे पाहिले की मन भूतकाळात हरवून जाते’ हे वाक्य कोणत्याही फोटोखाली चालेल, म्हणून ते कोणत्याच फोटोचे नव्हे. ‘ऊन डोळ्यांत शिरत असतानाही वडिलांनी छत्री मिटलेलीच ठेवली आहे’ हे वाक्य एकाच फोटोचे आहे आणि पुढे काय, असे वाचकाला विचारायला लावते. जे चित्रात दिसते ते वर्तमानकाळात आणि जे आठवते ते भूतकाळात लिहिण्याची शिस्त पाळली तर वाचकाला रकाने न दाखवताही ते जाणवतात. वर्णन मात्र लांबवू नये: तीन-चार नेमके तपशील पुरतात, बाकीची टिपणे निमूटपणे बाजूला ठेवावीत. मसुद्यातील शेवटचा परिच्छेद तर काढूनच पाहावा, कारण आपल्याला काय शिकायला मिळाले हे सांगण्याचा मोह तिथेच होतो, आणि तो वगळल्यावर लेख बहुधा अधिक चांगल्या जागी संपतो.

लेखासोबत छायाचित्र द्यावे की नाही, याचा निर्णय लेख पूर्ण झाल्यावर घ्यावा. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रणावरील पुस्तकात आपल्या आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राविषयी दीर्घ लिहिले, पण इतर चित्रे छापूनही ते मात्र छापले नाही. परक्या वाचकाला ते इतर कुठल्याही जुन्या फोटोसारखेच दिसले असते, असे त्यांना वाटत होते. माझे मत असे की, चित्र न देता लेख उभा राहत असेल तर ते देऊ नये. आणि चित्राशिवाय तो समजतच नसेल तर पाहण्याचे काम अपुरे झाले आहे. चित्रात हयात माणसे असतील तर प्रसिद्धीपूर्वी त्यांना लेख दाखवावा. लहान मुलांच्या बाबतीत अधिक जपावे, कारण त्यांची संमती आज घेता येत नाही आणि लेख मात्र त्यांच्या मोठेपणीही वाचला जाईल.

राहता राहिली नोंदींची बाब. मोबाइलने काढलेल्या चित्राच्या फाइलमध्ये दिनांक आणि वेळ साठवलेली असते, पण संदेशातून आलेल्या चित्रातून ती माहिती अनेकदा गळून पडते आणि स्कॅन केलेल्या जुन्या चित्रावर स्कॅन केल्याचा दिनांक येतो. तेव्हा तिथे दिसणारा आकडा पडताळल्याशिवाय लेखात घेऊ नये. छापील प्रतीच्या मागे लिहायचे असेल तर मऊ शिशाच्या पेन्सिलीने, कडेला आणि हलक्या हाताने लिहावे, कारण बॉलपेनच्या दाबाने पुढच्या बाजूला वळ उठतो. पेन्सिल न उमटणारा गुळगुळीत कागद असेल तर नावे, ठिकाण आणि अंदाजे वर्ष वेगळ्या कागदावर लिहून तो कागद चित्रासोबत ठेवावा, आणि वर्ष अंदाजाचे असेल तर त्यापुढे प्रश्नचिन्ह करण्यास विसरू नये.