वेढ्याच्या नजरेने पन्हाळा: कोल्हापुरातून एका दिवसात कसा पाहावा

कोल्हापूरपासून पन्हाळा जेमतेम २० किलोमीटर. गाडी थेट वर जाते, म्हणूनच बहुतेक लोक गाडीतूनच चार ठिकाणं बघून परततात. तसं करू नका. शिवाजी महाराज १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात इथे सुमारे चार महिने होते. गड इतके दिवस कशावर टिकला, या प्रश्नाच्या मागे चाललात की बघण्याचा क्रम आपोआप लागतो: आधी धान्य, मग पाणी, मग दरवाजे.

१. सकाळी लवकर मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी धरा. गाडी नेली तर वर एकदाच लावा आणि पुढे पायी फिरा. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, चांगल्या पकडीचे बूट आणि बॅटरी घ्या. गडावरच्या अंधारबाव या विहिरीच्या इमारतीत मोबाइलचा उजेड कमी पडतो.

२. पहिला थांबा अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती ही इथली धान्याची कोठारं. घाईत लोक दारातून डोकावतात आणि निघतात. तुम्ही बाहेरच्या पायऱ्यांनी गंगा कोठीच्या माथ्यावर चढा. छताला भोकं दिसतील. धान्य वरून ओतायचं, खालून काढायचं. पोती डोक्यावर घेऊन आत वाहायला नकोत. त्या भोकांजवळ मुलांचा हात सोडू नका.

३. तिथून पश्चिमेला अंधारबाव. बाहेरून साधी इमारत वाटते, पण आत तीन मजले आहेत: तळाला विहीर, मधल्या मजल्यावर तटाबाहेर निघणारी वाट, वर पहाऱ्याची जागा. म्हणजे पाणी, पहारा आणि सुटकेची वाट एकाच छताखाली. पायऱ्या ओल्या असतात, शेवाळावरून पाय सटकतो. भिंतीच्या बाजूने, एकेकाने उतरा.

४. शेजारीच तीन दरवाजा. कमानीवरचं काळ्या दगडातलं कोरीव काम दुपारच्या उभ्या उन्हात सपाट दिसतं, तिरप्या उन्हात उठून येतं. फारसी शिलालेखही नजरेतून सोडू नका.

वाटेत कड्याच्या कडेला तांबूस, भोकाभोकांचा दगड उघडा पडलेला दिसेल. तो जांभा. बोट फिरवलं तर गेरूसारखा रंग लागतो. ताजा कापला की मऊ, वारा लागला की टणक होतो. जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडे बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज) निघतं ते अशाच सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यांवर.

५. जेवण दुपारी उशिरा: पिठलं-भाकरी, खर्डा, दही. जेवून लगेच तटावर चढू नका.

६. शेवट राजदिंडीला, म्हणजे तटातल्या छोट्या दरवाजाला. १३ जुलै १६६० च्या रात्री, भर पावसात, महाराज याच वाटेने विशाळगडाकडे निघाले असं मानतात. खाली दरीत बघा, पण पावसाळ्यात वाट उतरू नका. दरड आणि धुकं दोन्ही असतात. जून ते सप्टेंबर निघण्यापूर्वी घाटरस्ता चालू आहे का, एवढं विचारून घ्या. आणि परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ सकाळी उतरताच कंडक्टरला विचारून ठेवा.