काजूचा कोड कसा ठरतो : भारताची आयात शुल्क वर्गवारी वाचण्याची रीत

सीमाशुल्क दर अधिनियम, 1975 च्या पहिल्या अनुसूचीत आयात मालाची वर्गवारी आठ अंकी क्रमांकांनी केलेली आहे. नवे आयातदार मालाचे नाव शोधून समोर आलेला पहिला क्रमांक उचलतात आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

कोकणातील काजू कारखाने आफ्रिकेतून कच्ची काजू बी मागवतात, म्हणून उदाहरण काजूचेच घेऊ. कवचासह काजू बी 0801 31 00 मध्ये येते; सोललेल्या गराचे उपशीर्षक 0801 32 असून त्यात तुकड्याला 0801 32 10 आणि अख्ख्या गराला 0801 32 20 हा क्रमांक आहे. पहिले दोन अंक प्रकरण सांगतात, चार अंकांनी शीर्षक होते आणि सहा अंकांनी उपशीर्षक. हे सहा अंक 1988 पासून अमलात असलेल्या जागतिक पद्धतीचे आहेत, तर शेवटचे दोन भारताचे स्वतःचे. त्यामुळे परदेशी विक्रेत्याने बीजकावर लिहिलेला आठ अंकी क्रमांक जसाच्या तसा उतरवू नये.

आता हाच गर भाजून, मीठ लावून आला तर तो फळांच्या आठव्या प्रकरणातून थेट विसाव्यात, 2008 19 10 मध्ये जातो. याचे कारण प्रकरणांच्या आरंभीच्या टिपांत सापडते : टिकाऊपणासाठी दिलेली सौम्य उष्णता आठव्या प्रकरणाला चालते, भाजणे मात्र तिथल्या प्रक्रियांत बसत नाही. वर्गवारीचा पहिला नियमही हेच सांगतो की विभाग व प्रकरणांची नावे केवळ सोयीसाठी असून निर्णय शीर्षकातील शब्दांवर आणि टिपांवर होतो. म्हणून माझा आग्रह असा की आधी टिपा वाचाव्यात, मग शीर्षक ठरवावे आणि त्यानंतरच एकाच पातळीवरच्या उपशीर्षकांची आपसांत तुलना करावी. माल दोन शीर्षकांत बसत असेल, तर अधिक नेमके वर्णन करणारे शीर्षक सामान्य वर्णनाच्या शीर्षकापेक्षा वरचढ ठरते.

क्रमांक ठरल्यावर अनुसूचीतील दर अंतिम समजू नये, कारण सवलतीच्या अधिसूचनेने तो कमी झालेला असू शकतो. मूळ शुल्कावर सर्वसाधारणपणे 10 टक्के समाजकल्याण अधिभार लागतो आणि मालाचे मूल्य व ही शुल्के यांच्या बेरजेवर आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर) आकारला जातो.

2011 पासून शुल्काचे स्वयंनिर्धारण आयातदारानेच करायचे असल्याने, एजंटाने क्रमांक सुचवला तरी जबाबदारी आपलीच राहते. शंका खरोखर गंभीर असेल, तर माल मागवण्यापूर्वीच सीमाशुल्काच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करावा. त्याचे एक कार्यालय मुंबईत आहे.