आयपीव्ही६ चं ऑटो-कॉन्फिगरेशन कसं लावायचं, आणि अर्ध्या तासाने रूट का गायब होतो

कॉम्प्युटरला अ‍ॅड्रेस आला, एक साइट उघडून बघितली, चाललं, झालं काम. बहुतेक ठिकाणी सेटअप इथेच संपवतात आणि नेमकं इथेच फसतात. हे मी बऱ्याच नेटवर्कवर लावलंय. तुमच्याकडे राउटर म्हणून एक लिनक्स मशीन आहे, बाहेरून प्रीफिक्स (अ‍ॅड्रेसचा नेटवर्क सांगणारा पहिला भाग) मिळालाय आणि आतल्या मशीनना आपोआप अ‍ॅड्रेस मिळायला हवेत, एवढं धरून चालते.

आधी आत काय होतं ते थोडक्यात, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच आहे. कॉम्प्युटर नेटवर्कला जोडला की तो आधी एफई८० ने सुरू होणारा लिंक-लोकल अ‍ॅड्रेस स्वतःच बनवतो, तो दुसऱ्या कुणी घेतलेला नाही ना हे विचारून बघतो, आणि मग हाक मारतो की इथे राउटर कोण आहे. ही हाक म्हणजे राउटर सॉलिसिटेशन, आयसीएमपीव्ही६ चा टाइप १३३, आणि ती जाते एफएफ०२::२ या सगळ्या राउटरांच्या गटाला. राउटरचं उत्तर म्हणजे टाइप १३४, राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट, सगळे त्याला आरए म्हणतात. त्यात प्रीफिक्स असतो, तो किती काळ वापरायचा ते असतं, आणि "मला डिफॉल्ट राउटर म्हणून इतके सेकंद धरा" असा एक आकडा असतो. कॉम्प्युटर त्या प्रीफिक्सपुढे स्वतःचा ६४ बिटांचा भाग लावतो की अ‍ॅड्रेस तयार. कुणाला काय दिलं याची नोंद कुठल्याही सर्व्हरला ठेवावी लागत नाही. शिवाय कुणी विचारलं नाही तरी राउटर हीच आरए अधूनमधून सगळ्यांना, म्हणजे एफएफ०२::१ या गटाला, पाठवत राहतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आता लावायला घ्या.

आतल्या नेटवर्कसाठी /६४ चा, म्हणजे पहिले ६४ बिट नेटवर्कचे असलेला, प्रीफिक्स घ्या. /८० वगैरे करून बचत करू नका, ऑटो-कॉन्फिगरेशन चालणार नाही.

आयपीव्ही६ चं फॉरवर्डिंग, म्हणजे एका बाजूने आलेलं पॅकेट दुसऱ्या बाजूला पुढे पाठवणं, चालू करा. एक गोष्ट सांभाळा, लिनक्समध्ये फॉरवर्डिंग चालू केलं की ते मशीन स्वतःला राउटर समजतं आणि दुसऱ्याची आरए ऐकणं बंद करतं, त्यामुळे बाहेरच्या बाजूचा रूट आरएवरूनच येत असेल तर त्या इंटरफेसवर अ‍ॅक्सेप्ट-आरएची व्हॅल्यू १ ऐवजी २ करावी लागते.

रॅडव्हीडी (राउटरवरून आरए पाठवणारा प्रोग्रॅम) टाका, आतला इंटरफेस आणि प्रीफिक्स लिहा. प्रीफिक्सचे ऑन-लिंक (हा प्रीफिक्स याच नेटवर्कवर आहे) आणि ऑटोनॉमस (यातून अ‍ॅड्रेस स्वतः बनवा) हे दोन्ही फ्लॅग चालू, मॅनेज्ड (अ‍ॅड्रेस वाटणाऱ्या सर्व्हरकडून, म्हणजे डीएचसीपीव्ही६ कडून घ्या) फ्लॅग बंद. डीएनएस सर्व्हरचा अ‍ॅड्रेस आरएमध्येच द्या.

फायरवॉलमध्ये आयसीएमपीव्ही६ चे टाइप १३३ ते १३६ आतल्या बाजूला मोकळे ठेवा. "सुरक्षेसाठी आयसीएमपी बंद करा" हा सल्ला अजून फिरतोय, कृपा करून तो इथे लावू नका. आयपीव्ही४ मध्ये शेजारच्या मशीनचा हार्डवेअर अ‍ॅड्रेस एआरपी शोधतो, इथे ते कामही १३५ आणि १३६ करतात. ते बंद केलेत तर शेजारचं मशीनसुद्धा सापडणार नाही.

इथवर दहा मिनिटांचं काम आहे. आता खरा भाग.

एका ऑफिसात मी हे सगळं लावलं, प्रत्येक कॉम्प्युटरला अ‍ॅड्रेस आला, टेस्ट पास, घरी गेले. दुसऱ्या दिवशी तक्रार आली की बाहेरचा एक सर्व्हर, जो फक्त आयपीव्ही६ वर होता, मधेच बंद पडतो, आणि केबल काढून लावली की पुन्हा चालतो. बाकीच्या साइट व्यवस्थित उघडत होत्या, कारण आयपीव्ही६ नाही जमलं की ब्राउझर गुपचूप आयपीव्ही४ वर जातो, म्हणून दुसऱ्या कुणाला काही कळतच नव्हतं. मी दोन दिवस डीएनएस तपासत बसले. मग फायरवॉल. मग बाहेरची लाइन. अ‍ॅड्रेस बघितला की जागेवर, प्रिंटर चालू, आतलं एक मशीन दुसऱ्याला पिंग करतंय, सगळं ठीक दिसायचं.

शेवटी एका कॉम्प्युटरवर आयपीव्ही६ चं राउटिंग टेबल उघडून ठेवलं आणि डिफॉल्ट रूटच्या, म्हणजे बाहेर जायच्या रस्त्याच्या, ओळीकडे बघत राहिले. त्या ओळीच्या शेवटी एक्स्पायर्स असं लिहिलेलं असतं आणि पुढे सेकंद. १२४३ दिसलं. थोड्या वेळाने ११८०. मग ९००. मग ३१०. तो आकडा एकदाही वर गेला नाही, शून्यावर आला आणि ती ओळच नाहीशी झाली. अ‍ॅड्रेस मात्र तसाच, कारण प्रीफिक्सची मुदत वेगळी असते आणि ती कितीतरी लांब असते. राउटरची मुदत साधारण १८०० सेकंद, म्हणजे बरोबर अर्धा तास.

नेटवर्क ठीक असेल तर हा आकडा असा कधीच उतरत जात नाही. राउटर नेहमीच्या सेटिंगला जास्तीत जास्त ६०० सेकंदांनी नवी आरए पाठवतो आणि ती आली की आकडा उडी मारून पुन्हा १८०० वर जातो. माझ्याकडे ती पोचतच नव्हती. राउटरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावला तर टाइप १३४ वेळेवर बाहेर पडताना दिसत होता, कॉम्प्युटरवर लावला तर काहीच नाही. मधे होता एक स्विच, त्यात मल्टिकास्टचं (एका गटाला एकदम पाठवलेल्या पॅकेटांचं) स्नूपिंग चालू.

स्नूपिंगवाला स्विच असं बघतो की कुठल्या पोर्टवरच्या कुणी कुठल्या मल्टिकास्ट गटासाठी नाव नोंदवलंय, आणि त्या गटाचं पॅकेट तेवढ्याच पोर्टला देतो. पण एफएफ०२::१ हा सगळ्यांचा गट, त्यात प्रत्येक जण असतोच, म्हणून त्यासाठी कुणी नाव नोंदवतच नाही. चांगला स्विच हे ओळखतो आणि या गटाचं पॅकेट सगळीकडे सोडतो. त्या स्विचला वाटायचं की हे कुणालाच नकोय, आणि तो ते टाकून द्यायचा. मग सुरुवातीला सगळं चालायचं कसं? कॉम्प्युटर जोडल्या जोडल्या हाक मारतो, आणि रॅडव्हीडी हाक मारणाऱ्याला थेट त्याच्या अ‍ॅड्रेसवर उत्तर देतो, ते मल्टिकास्ट नसतं, त्यामुळे स्विच अडवत नाही. आणि एकदा उत्तर मिळालं की कॉम्प्युटरने पुन्हा हाक मारत बसायचं नाही, असं नियमातच आहे. त्यामुळे पहिला अर्धा तास छान, नंतर शांतता, केबल काढून लावली की पुन्हा अर्धा तास.

म्हणून आरडिस्क६ सारखं टूल चालवून "आरए येतेय की" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ते टूल स्वतः हाक मारून उत्तर मिळवतं, म्हणजे जो भाग ठीक आहे तोच पुन्हा तपासतं. न विचारता येणारी आरए येते का, हे बघायचंय.

त्यासाठी अर्धा तास थांबायची गरज नाही. टेस्टपुरतं रॅडव्हीडीमध्ये आरएमधलं जास्तीत जास्त अंतर ३० सेकंद करा आणि राउटरची मुदत ९०. कॉम्प्युटर जोडा आणि एक्स्पायर्सचा आकडा बघा. दीड मिनिटात निकाल लागतो, एकतर तो परत परत ९० वर जातो, नाहीतर ओळ गायब होते. प्रत्येक स्विचच्या मागे आणि प्रत्येक वायफाय पॉइंटवर हे वेगवेगळं करा, एका ठिकाणी चाललं म्हणून दुसरीकडे चालेलच असं नाही. वायफाय पॉइंटमध्ये मल्टिकास्ट अडवायचं सेटिंग असतं, तेही हेच करतं.

उपाय स्विचवरच करायचा. फर्मवेअर अपडेट करा, नाही सुधारलं तर आयपीव्ही६ चं स्नूपिंग बंद करा, छोट्या नेटवर्कला त्याने काही फरक पडत नाही.

आणि हे तीन सल्ले ऐकू नका. एक, राउटरची मुदत ९००० सेकंद करा. त्याने रोग बरा होत नाही, अर्ध्या तासाऐवजी अडीच तासांनी तेच होतं आणि शोधायला आणखी अवघड जातं. दोन, डीएचसीपीव्ही६ लावा. डीएचसीपीव्ही६ डिफॉल्ट गेटवे देतच नाही, तशी सोयच नाही त्यात, रूट आरएमधूनच येतो, आणि वर ऑटोनॉमस फ्लॅग बंद केलात तर अँड्रॉइड फोन अ‍ॅड्रेसविना राहतील. तीन, प्रत्येक मशीनवर गेटवे हाताने लिहा. मग उद्या राउटर बदलला की प्रत्येक मशीनपाशी जाऊन बसा.

टेस्ट झाली की अंतर ६०० आणि मुदत १८०० परत करा, नाहीतर दर काही सेकंदांनी येणारी आरए फोनना जागं करत राहते आणि बॅटरी खाते. स्विचला आरए गार्डची सोय असेल तर ती चालू करा, म्हणजे राउटरचं पोर्ट सोडून दुसरीकडून कुणी चुकून आरए पाठवली तर ती अडेल. पण ते लावल्यावर एक्स्पायर्सचा आकडा पुन्हा एकदा बघा, कारण राउटरचं पोर्ट चुकीचं लिहिलं तर खरी आरएच अडते.