ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करताना या चुका टाळा

कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय असो की घोडबंदर रोडवरचं खासगी नर्सिंग होम, ॲडमिट होताना कागदांचा गठ्ठा पुढे येतो आणि आपण खुणा केलेल्या जागी भराभर सह्या करतो.

त्यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे पेशंटऐवजी नातेवाइकाने सही करणं. आई शुद्धीवर आहे, तिला सगळं समजतंय, तरी तिच्या गर्भाशयाचा निर्णय मुलगा आणि डॉक्टर बाहेर पॅसेजमध्ये घेतात. मुलाची माया खरीच असते. पण शरीर आईचं आहे, होकारही तिचाच हवा.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये हे स्पष्ट केलं. दिल्लीतली ४४ वर्षांची एक महिला दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईला विचारून डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजांडकोश काढले. पेशंट सज्ञान होती, जीव वाचवण्याची घाई नव्हती, म्हणून आईची संमती ग्राह्य धरली गेली नाही. तपासणीला दिलेला होकार उपचारालाही लागू होतो, असं मानता येत नाही. म्हणून आधीच विचारा, "आत वेगळं काही सापडलं तर काय कराल?" आणि उत्तर फॉर्मवर लिहून घ्या.

दुसरी चूक, कोऱ्या जागा असलेल्या फॉर्मवर सही. ऑपरेशनचं नाव आणि धोके भरल्याशिवाय पेन उचलू नका. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा, आणि तेही डॉक्टरांकडून. ऑपरेशन कशासाठी, फायदा किती, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, नाही केलं तर काय होईल, हे सगळं सांगणं त्यांचं काम आहे. ठरवून करायच्या ऑपरेशनचा फॉर्म आदल्या दिवशीच मागून घ्या. ओटीच्या दारात कुणालाच नीट वाचता येत नाही.

सही करून बसलात आणि मन बदललं? ऑपरेशन सुरू होण्याआधी संमती मागे घेता येते, तसं लेखी द्या. सही केली म्हणून हलगर्जीपणाची तक्रार करण्याचा हक्कही जात नाही.

मात्र अपघातात पेशंट बेशुद्ध असेल, तर सहीवाचून डॉक्टरांना अडवू नका. जीव वाचवण्यासाठी ते संमतीविना उपचार करू शकतात.

केस पेपरची प्रत लागली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मागणीनंतर ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.