दातांच्या दवाखान्यात गुंगीचे औषध: होकार देण्यापूर्वी काय तपासावे

हिरडीत इंजेक्शन देऊन जागा बधिर करणे, नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगायला देऊन भीती कमी करणे, मिडाझोलामसारख्या औषधाने गुंगी आणणे आणि संपूर्ण भूल देणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. यांपैकी नेमके काय होणार आहे, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, दंतवैद्य काम करत असताना रुग्णाच्या श्वासाकडे कोण लक्ष देणार? दातांच्या उपचारात पाणी, रक्त आणि कापूस हे सारे श्वासाच्या वाटेवरच असते, आणि दातावर नजर खिळलेल्या माणसाला छातीची मंदावलेली हालचाल सहसा दिसत नाही. म्हणून गाढ गुंगी किंवा भूल द्यायची असेल, तर ते काम केवळ भूलतज्ज्ञाकडेच असावे, याबाबत तडजोड करू नये. बोटाला लावलेला, रक्तातील ऑक्सिजन दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर आवश्यकच आहे, मात्र रुग्णाला ऑक्सिजन सुरू असताना श्वास थांबला तरी त्यावरचा आकडा उशिरा घसरतो, त्यामुळे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफही हवा. रुग्णाच्या मापाचा मास्क, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), तोंडातील पाणी-रक्त ओढून घेणारे व वीज गेली तरी चालणारे सक्शन, तसेच मिडाझोलामवर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल खोलीतच तयार असावे.

रुग्ण लहान मूल असेल, तर त्याचे वजन अंदाजाने न सांगता काट्यावर करून घ्यावे. बधिर करण्याच्या लिग्नोकेनची मुलांसाठीची कमाल मात्रा सामान्यतः दर किलोला ४.४ मिलिग्रॅम धरतात. १५ किलोच्या मुलासाठी ती ६६ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्के द्रावणाचे केवळ ३.३ मिलिलिटर होते.

गुंगी किंवा भुलेपूर्वी हलका आहार व दूध ६ तास, तळलेले पदार्थ ८ तास आणि साधे पाणी २ तास आधी बंद करावे. गराचा संत्रा रस आणि ताक पाण्यात मोजू नये. नागपूरच्या मे महिन्यात मुलाला उगाच रात्रभर तहानलेले ठेवणेही चुकीचे आहे. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर २ तास आधीपर्यंत पाणी अवश्य पाजावे. गुंगीचे औषध घरूनच पाजून आणू नये.

मूल रात्री घोरत असेल, टॉन्सिल वाढलेले असतील किंवा हृदयविकार असेल, तर नागपूरच्या मेडिकलसारख्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) सुसज्ज मोठ्या रुग्णालयात उपचार व्हावेत, असा आग्रह धरावा.

रुग्ण पूर्ण जागा झाल्याशिवाय घरी नेऊ नये, आणि दुचाकीवरून तर मुळीच नेऊ नये. पेंगलेल्या मुलाची मान पुढे पडली की श्वासाची वाट अडते, म्हणून गाडीत चालकाखेरीज दुसऱ्या मोठ्या माणसाने त्याच्याजवळ बसावे.