ऑनलाइन एड्.डी. : अर्ज भरण्याआधी आणि प्रबंध सुरू झाल्यावर

अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्रवेश विभाग, रजिस्ट्रारचे ऑफिस, विद्यार्थी सल्ला अशा ठिकाणी काम करणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींना पुढे संचालक किंवा सहअधिष्ठाता व्हायचे असते. त्यांच्यासाठी उच्च शिक्षण नेतृत्वातली ऑनलाइन एड्.डी., म्हणजे शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट, हा चांगला रस्ता आहे, कारण नोकरी चालू ठेवून ती करता येते.

भारतात परतून प्राचार्य व्हायचे असेल तर मात्र या पदवीवर विसंबू नका. तिथे पीएच.डी. लागते, आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी. ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने देता येत नाही. परदेशी संस्थांशी करार करून एडटेक कंपन्या विकतात त्या ऑनलाइन पीएच.डी. मान्य नाहीत, अशी जाहीर सूचनाही यूजीसी आणि एआयसीटीईने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढली. प्राचार्यपदासाठी २०१८ च्या नियमांत पीएच.डी., १५ वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण मागितले आहेत. महाराष्ट्रातल्या प्राध्यापकाने त्यासाठी इथल्याच विद्यापीठात अर्धवेळ पीएच.डी.ला नाव नोंदवावे. त्याला कॉलेजचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

आता अमेरिकेकडे. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, मिळत नाही. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा) वर असलेल्यांना शिकायला अडचण नसते. विद्यापीठाची मान्यता अमेरिकी शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः शोधून बघा, माहितीपत्रकावरच्या शिक्क्यावर जाऊ नका. भारतात बसून करणार असाल तर थेट वर्गांची वेळ आधी विचारा: न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सातचा वर्ग म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच.

अभ्यासक्रम साधारण ४५ ते ६० क्रेडिटचा असतो आणि कागदावर तीन-चार वर्षांत संपतो. खर्च काढताना नुसती क्रेडिटची फी धरू नका. तंत्रज्ञान शुल्क आणि कॅम्पसवरच्या सक्तीच्या मुक्कामांचा प्रवास त्यात येतो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कोर्स संपून प्रबंध लांबला की दर सत्राला भरावी लागणारी नोंदणी फी. दोन सत्रे जास्त लागतील असे धरूनच हिशेब मांडा. विद्यापीठ आपल्या कर्मचाऱ्यांना फीमाफी देत असेल, तर डॉक्टरेटसाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असते; त्यावरची रक्कम बहुधा पगारात धरून कर कापला जातो. त्या महिन्यांत हाती येणारा पगार घटतो, ते आधीच माहीत असावे.

कोर्स मेहनतीने निघतात. माणसे अडकतात ती प्रबंधात, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा विषयाच्या निवडीत असते. एड्.डी.ची नव्याने मांडणी करण्यासाठी २००७ मध्ये सुरू झालेल्या कार्नेगी प्रकल्पानंतर अनेक विद्यापीठांनी एड्.डी.चा प्रबंध प्रत्यक्ष कामातल्या प्रश्नावर बेतला. ‘विद्यार्थ्यांची गळती’ हा असा प्रश्न नव्हे, तो आयुष्यभराचा विषय आहे. ‘दुसऱ्या कॉलेजातून आलेल्यांचे क्रेडिट जुळवायला आमच्याकडे इतका वेळ का लागतो, आणि त्यामुळे पहिल्या सत्रात त्यांना हवे ते कोर्स मिळतात का?’ हा प्रश्न चालेल. तो एका ऑफिसातला आहे, त्याची नोंद संगणकात आहे आणि उत्तर मिळाले तर कोणीतरी पद्धत बदलू शकतो. विषय ठरवताना हेच तपासा: माहिती कोणाच्या ताब्यात आहे, ती वर्षभरात गोळा होईल का, आणि निष्कर्षावर निर्णय घेणारा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का.

विद्यार्थ्यांच्या नोंदी फेर्पा या अमेरिकेतल्या गोपनीयतेच्या कायद्याखाली येतात. त्या वापरायची परवानगी लेखी घ्या, आणि पत्र अधिकाऱ्याच्या पदाच्या नावाने असू द्या. साहेब बदलले की तोंडी होकार त्यांच्याबरोबरच जातो. विद्यापीठांची तुलना करायची असेल तर आयपेड्स या अमेरिकी शिक्षण खात्याच्या माहितीसाठ्यातली आकडेवारी सर्वांना खुली आहे. ती संस्थांच्या पातळीवरची असल्याने संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीची, म्हणजे आयआरबीची, वाटही सोपी होते.

आयआरबी हा दुसरा मोठा अडथळा. सिटी या संशोधन-नैतिकतेच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र अर्जाच्या आधीच मिळवून ठेवा. तुम्ही एका विद्यापीठात शिकता आणि दुसऱ्यात नोकरी करता, तेव्हा दोन्हीकडे विचारणा करावी लागते. मंजुरीआधी घेतलेली मुलाखत सहसा वापरता येत नाही. मंजुरीनंतर प्रश्नावली बदलली तरी दुरुस्ती अर्ज लागतो. हाताखालच्या लोकांच्या मुलाखती ठेवल्या तर समिती हमखास अडवते, कारण साहेबाला नाही म्हणणे अवघड असते. निमंत्रण तिसऱ्या व्यक्तीने पाठवावे, किंवा दुसरा विभाग निवडावा.

तासाभराच्या मुलाखतीचा मजकूर आठ-नऊ हजार शब्दांचा होतो. झूमने केलेला मसुदा ऐकत ऐकत दुरुस्त करायला तीन-चार तास जातात, आणि आपल्या नावांची, उच्चारांची त्यात हमखास मोडतोड झालेली असते. बारा मुलाखती म्हणजे लाखभर शब्द. म्हणून पहिल्या दोन झाल्या की लगेच एनव्हीवो किंवा डिडूस या सॉफ्टवेअरमध्ये कोडिंगला, म्हणजे मजकुराला विषयवार खुणा करायला, लागा. सगळ्या संपेपर्यंत थांबलात तर ढीग उपसवत नाही. संदर्भ साठवणारे झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्या कोर्सपासून वापरा.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा हे विचारा: सध्या हाताखाली किती विद्यार्थी आहेत, मसुदा किती दिवसांत परत मिळतो, उन्हाळ्यात उत्तर देता का. अमेरिकेत अनेक प्राध्यापकांचा करार नऊ महिन्यांचा असतो, त्यामुळे मे महिन्यात पाठवलेले प्रकरण सप्टेंबरपर्यंत पडून राहू शकते.

तोंडी परीक्षा झाली तरी काम उरतेच. समितीच्या दुरुस्त्या, ग्रंथालयाचे समास आणि अनुक्रमणिकेचे नियम, मग प्रोक्वेस्ट या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर प्रबंध चढवणे. पदवीदानासाठी याची तारीख परीक्षेनंतर थोड्याच आठवड्यांत असते; ती चुकली तर पुन्हा एका सत्राची फी भरावी लागू शकते. तुमच्या ऑफिसातली माणसे प्रबंधातून ओळखू येण्यासारखी असतील तर चढवतानाच तो काही काळ वाचकांसाठी बंद ठेवण्याचा पर्याय निवडा. हा निर्णय मार्गदर्शकाशी आधी बोलून ठेवा, कारण अर्जात त्याचे कारण द्यावे लागते.